हप्ते थकले आणि घर टिकवायचे आहे: सेटलमेंट सल्लागार की विधी सेवा प्राधिकरण?

गृहकर्जाची थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकांच्या भाषेत ‘एनपीए’, ठरते आणि मग न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खालची 60 दिवसांची नोटीस दारात येते, हे इथवर आलेल्या वाचकाला ठाऊक असेलच. ती नोटीस हातात घेऊन जायचे कुणाकडे, हा खरा पेच असतो. एका बाजूला फी घेऊन ‘बँकेशी बोलणी करून देतो’ म्हणणारे खासगी सेटलमेंट सल्लागार असतात आणि दुसऱ्या बाजूला जिल्हा न्यायालयाच्या आवारातले, पात्र लोकांना मोफत वकील आणि सल्ला देणारे सरकारी विधी सेवा प्राधिकरण. 2023च्या दिवाळीनंतर माझी नोकरी गेली, चार हप्ते थकले आणि पुढच्या काही महिन्यांत या दोन्ही ठिकाणी माझे जाणे-येणे झाले. पुढचे सगळे त्या अनुभवावर बेतलेले आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, हे आधीच मान्य करतो.

सल्लागाराकडे आधी गेलो, याचे कारण उघड आहे. तिथे रांग नव्हती, गार हवा होती, चहा आला आणि समोरच्या तरुणाने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. घाबरलेल्या माणसाला तेवढ्यानेही धीर येतो. मात्र हा व्यवसाय मुळात क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज यांच्याभोवती वाढलेला आहे, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. तिथे बँकेकडे तारण काहीच नसते, म्हणून मिळेल ती रक्कम घेऊन ती खाते मिटवते. गृहकर्जात तिच्याकडे घरच तारण असते, तेव्हा सूट द्यायची घाई तिला कशाला असेल? शिवाय एकरकमी तडजोडीसाठी हातात एकरकमी पैसा लागतो, आणि तो असता तर हप्ते थकलेच नसते. मला कर्ज मिटवायचे नव्हते, घर टिकवायचे होते. हा फरक त्या कार्यालयात कुणी मला विचारला नाही आणि मीही नीट मांडला नाही.

तरीही मी तिथेच थांबलो असतो. माझे मन फिरले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. नोटिशीची मूळ प्रत त्यांनी ठेवून घेतली, बँकेचे फोन उचलू नका असे सांगितले आणि ‘उत्तर आम्ही पाठवतो’ म्हणाले. दहा दिवसांनी मी त्या उत्तराची प्रत मागितली, तर ‘सर, फाइल लीगलला गेली आहे’ असा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला. आठवड्याने पुन्हा मागितली, पुन्हा तोच निरोप. घर माझे, नोटीस माझ्या नावाची, आणि माझ्या वतीने बँकेला काय लिहिले गेले, मुळात लिहिले गेले की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता.

प्राधिकरणात गेलो तेव्हा नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो तेवढा माझ्याजवळ होता. महाराष्ट्रात मोफत साहाय्यासाठी साधारणपणे वार्षिक 3 लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे आणि आदल्या वर्षीच्या पगारामुळे मी तिच्यात बसत नव्हतो. पण महिलांना ही मर्यादा लागू नाही आणि माझी पत्नी सहकर्जदार आहे, म्हणून अर्ज तिच्या नावाने केला. पॅनेलवरच्या वकीलबाईंनी फोटो मोठा करून वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, “उत्तर दिलंय म्हणता, मग पोच कुठे आहे?” पोच नव्हती. तेव्हा त्यांनी समजावले, की कर्जदाराचा लेखी आक्षेप बँकेला मिळाला की 15 दिवसांत तिने सकारण उत्तर द्यावे लागते. कागद पोहोचल्याचा शिक्का नसेल, तर हे 15 दिवस मोजायचे कुठून? त्यांनी रेघी फुलस्केप कागद घेतला, डावीकडे तारखा आणि उजवीकडे कामे अशी दोन रकाने पाडून यादी लिहिली: 60 दिवस कधी संपतात, आक्षेप केव्हा द्यायचा, आणि बँकेने ताब्याची कारवाई केलीच तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचे 45 दिवस. दुसऱ्या दिवशी मी स्वतः शाखेत जाऊन अर्ज दिला आणि दुय्यम प्रतीवर गोल शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन बाहेर पडलो. कित्येक आठवड्यांनी त्या रात्री झोप लागली.

प्राधिकरणाची बाजू सगळीच गोड आहे, असे मात्र नव्हे. बाकावर तासन् तास बसावे लागते, दुसऱ्या वेळी वेगळेच वकील भेटले आणि कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली, झेरॉक्ससाठी तीनदा रस्ता ओलांडावा लागला. मात्र सल्लागाराने कधीच न सांगितलेली एक गोष्ट तिथे कळली. सगळी थकबाकी, म्हणजे राहिलेले हप्ते व्याजासह भरले, की अनुत्पादक खाते पुन्हा नियमित होऊ शकते. त्यासाठी पूर्ण कर्ज फेडावे लागत नाही. माझ्या बाबतीत बँकेने ती थकबाकी तीन भागांत स्वीकारली. प्रत्येक बँक तसे करीलच, अशी हमी मी देऊ शकत नाही.

भाडेकरूंना तर निवड आणखी सोपी असावी, कारण तिथे वाटाघाटीपेक्षा मुदती निर्णायक ठरतात. माझा मेहुणा पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्यात भाडेकरू आहे. भाडे थकले म्हणून मालकाचा दावा आला, तेव्हा ओळखीचा एक इस्टेट एजंट ‘थोडे पैसे घेऊन जागा सोडा’ एवढेच सुचवत होता. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेले भाडे 15 टक्के सरळव्याज व दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरले, तर त्या कारणावरून जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही, ही 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यातली तरतूद त्याला विधी सेवा प्राधिकरणातच समजली. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. करार संपूनही जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई लागू शकते आणि अशी प्रकरणे याच कायद्याखाली चालवणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आल्यावर बचावाची परवानगी 30 दिवसांत मागावी लागते.

खासगी सल्लागार सर्वस्वी टाळावेत, असे मी म्हणणार नाही. कार्डांची आणि वैयक्तिक कर्जांची गुंतागुंत असेल, किंवा माणूस परदेशी असून इथे खेपा घालणे अशक्य असेल, तर त्यांचा उपयोग होत असेलही. तसे असेल तर मूळ कागद आपल्याकडे ठेवून त्यांना झेरॉक्स द्यावी, आणि बँकेकडे गेलेल्या प्रत्येक पत्राची शिक्का मारलेली पोच किती दिवसांत हातात देणार, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्यांच्याकडून लिहून घ्यावे.