मला कुणी नापासच केलं नाही

२ जूनच्या रात्री सव्वाअकराला मी चाळीस हजार रुपये यूपीआयने पाठवले आणि आईला हाक मारून सांगितलं, "झालं गं, आता फक्त वकिलातीतली मुलाखत." अमेरिकेतल्या उन्हाळी कॅम्पवर कामाला जायचा व्हिसा हवा होता, आणि ते चाळीस हजार त्याच्या मुलाखतीची तारीख मिळवून देण्याचे. त्या आठवड्यात ती तारीख कुणालाच मिळत नव्हती. २७ मे २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट थांबवल्या होत्या. पेपरात आलं होतं, मी वाचलंही होतं. तरी पाठवले, कारण फोनवरचा माणूस म्हणाला, "ताई, बंद आहे म्हणूनच चाळीस. चालू असतं तर दहा हजारांत काम होतं." मला ते पटलं. आपल्याकडे बंद खिडकीतून काम करून देणारी माणसं लहानपणापासून बघितलेली असतात ना.

मी साताऱ्याची. बी.पी.एड. झालंय, उन्हाळ्यात तलावावर लहान मुलांच्या बॅचला पोहायला शिकवते. शाळेत असताना दोरीचा मल्लखांब करायचे. जानेवारीत इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: अमेरिकेत समर कॅम्प कौन्सेलर, तीन महिने, राहणं-जेवण फुकट, वर नऊ हजार डॉलर. ऑफिस पुण्यात. नाव देत नाही. तक्रार चालू आहे, आणि पाटी त्यांनी केव्हाच बदललीये.

कॅम्पचा प्रकार खोटा नाही, हे आधी सांगते. तिकडे जून ते ऑगस्ट शाळांना सुट्टी असते, आणि कितीतरी पोरं काही आठवडे तळ्याकाठच्या कॅम्पवर राहायला जातात. लाकडी केबिन, पोहणं, होड्या, तिरंदाजी, रात्री शेकोटी. त्यांच्यासोबत चोवीस तास राहणारा ताई-दादा म्हणजे कौन्सेलर. बाहेरच्या देशांतूनही दर वर्षी मुलंमुली जातात, जे-१ नावाच्या एक्स्चेंज व्हिसावर. त्यात कॅम्प कौन्सेलर हा वेगळा प्रकारच आहे. अठरा वर्षं पूर्ण हवीत, विद्यार्थी किंवा शिक्षक हवा, किंवा मुलांसोबत काम करणारा किंवा एखादं खास कौशल्य असलेला. मुक्काम जास्तीत जास्त चार महिने. हे सगळं मी सरकारी संकेतस्थळावर वाचून खातरजमा केली होती. माझी चूक अशी की योजना खरी निघाल्यावर मला माणसंही खरी वाटली.

मुलाखत व्हिडिओवर झाली, चौदा मिनिटं. समोरच्या 'डायरेक्टर'चा कॅमेरा बंद, नेटवर्कचं कारण. नाव काय, पोहता येतं का, पासपोर्ट आहे का, मुलं आवडतात का. मल्लखांबाचं ऐकल्यावर तर "व्हेरी युनिक!" मी खूश. दोन तासांत मेल: अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. पेनसिल्व्हेनियात, पोकोनो डोंगरातला एक कॅम्प, फोटोंसकट.

त्याच्या आदल्या महिन्यात गावातल्या एका शाळेत बारा हजारांच्या कंत्राटी जागेसाठी मुलाखत दिली होती. चाळीस मिनिटं पिळून काढलं आणि घेतलं नाही. आणि इथे नऊ हजार डॉलरवाले चौदा मिनिटांत राजी! तेव्हा मला यात काही विचित्र वाटलं नाही. मनात आलं, बघा, आपली किंमत बाहेरच कळते.

आप्पांनी एकच प्रश्न विचारला होता, "पैसे ते देणार का आपण द्यायचे?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, आणि ते खरंही होतं. खऱ्या योजनेतही स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठीचा कागद देणारी संस्था उमेदवाराकडून फी घेते, व्हिसाचे पैसे आपणच भरतो. म्हणजे 'नोकरी देणारा पैसे मागतो तो चोर' हा आपला घरगुती नियम इथे चालत नाही. या लोकांना ते पक्कं ठाऊक होतं. आप्पा गप्प बसले आणि पतसंस्थेत गेले.

हिशेब असा झाला. नोंदणी ४,९९९. प्लेसमेंट ७५,०००. 'सेव्हिस फी' १८,७००. विमा २२,०००. शेवटी ते स्लॉटचे, म्हणजे मुलाखतीच्या तारखेचे ४०,०००. एकूण १,६०,६९९ रुपये, आणि यातला एकही रुपया संस्थेच्या खात्यात गेला नाही. प्रत्येक वेळी नवं यूपीआय, नवं नाव. विचारलं तर "अकाउंट्सच्या मॅडम आहेत", "जीएसटीचा इश्यू आहे", "ऑडिट चालू आहे". ऑडिट जानेवारी ते जून चालू होतं.

सेव्हिसच्या फीबद्दल सविस्तर सांगते, कारण पुढे त्यांचं बिंग तिथेच फुटलं. सेव्हिस म्हणजे अमेरिकन सरकारची नोंदवही; तिकडे येणारे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाले तिच्यात चढवलेले असतात. कॅम्प कौन्सेलरसाठी ही फी ३५ डॉलर आहे, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन हजारांच्या आसपास. मी १८,७०० भरले. व्हिसाच्या अर्जाची फी वेगळी, १८५ डॉलर, आणि तीही आपण थेट अधिकृत व्हिसा संकेतस्थळावरून भरायची. मधल्या माणसाच्या हातात यातलं काही द्यावंच लागत नाही. पण फॉर्म, फी, नंबर अशा इतक्या पायऱ्या असतात की कुणी "ते आमच्यावर सोडा" म्हटलं की हायसं वाटतं.

मे महिन्यात त्यांनी मला डीएस-२०१९ पाठवला. या व्हिसाचा मूळ कागद हाच. परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्थाच तो देऊ शकते, आणि त्या संस्थांची यादी जे-१ च्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. माझ्या कागदावर शिक्का होता, सही होती, बारकोड होता, वर एन अक्षराने सुरू होणारा सेव्हिस नंबर होता. आईने त्याची रंगीत प्रिंट काढून देव्हाऱ्यात ठेवली. सोबतच्या नेमणूकपत्रात 'गरजेनुसार किचन सपोर्ट' असं लिहिलं होतं. कॅम्प कौन्सेलरला स्वयंपाकी किंवा भांडी घासणारा म्हणून वापरता येत नाही, तसा नियमच आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, घरी घासतोच की.

निवड झालेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, सदतीस जणांचा. मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकत होता. "डिसिप्लिनसाठी," असं ते म्हणाले. सदतीस माणसं एकाच खोलीत, आणि एकमेकांशी बोलायची सोय नाही. खरं कारण कळायला मला पाच महिने लागले. ९ जूनला कंटाळून त्यातल्याच एका नंबरला मी वेगळा मेसेज केला. बार्शीचा मुलगा, कबड्डीवाला. "तुमचा स्लॉट आला का?" मग दोघांनी आपापल्या डीएस-२०१९ चे फोटो पाठवले. नाव वेगळं, फोटो वेगळा. सेव्हिस नंबर तोच. अकराही अक्षरं तीच.

हात गार पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. सेव्हिस फी भरली आहे की नाही ते सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. नंबर, आडनाव आणि जन्मतारीख टाकायची. माझ्या नावाने काहीच निघालं नाही, त्याच्याही नाही. मग मी त्या कॅम्पचं स्वतःचं संकेतस्थळ शोधून तिथल्या पत्त्यावर मेल केला, जो मी जानेवारीतच करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी उत्तर: डायरेक्टरचं नाव खरं, फोटो खरे, पण तुमच्याबद्दल आम्हाला काहीही माहीत नाही आणि तो मेलचा पत्ता आमचा नाही.

पुण्याच्या माणसाला फोन लावला. आधी गोड बोलला, मग म्हणाला, "ताई, आता कॅन्सल केलंत तर सिस्टीममध्ये पाच वर्षांचा बॅन लागतो, विचार करा." तासाभरात ग्रुपमधून मी आणि बार्शीचा दोघेही बाहेर.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग पोलीस ठाणे. हवालदारांनी विचारलं, "ओटीपी दिला होता का?" नाही. "लिंक दाबली?" नाही. "मग गेले कसे पैसे?" मी पाठवले. स्वतः. हे वाक्य उच्चारताना जी शरम वाटते ना, त्यामुळेच बहुतेक जण ठाण्याची पायरी चढत नाहीत. ग्रुपमधल्या सदतीसपैकी नऊ जणांनी तक्रार दिली, बाकीचे म्हणतात घरी कळेल. १९३० ला जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त. माझ्या शेवटच्या चाळीस हजारांतले चौदा हजार एका तिसऱ्याच खात्यात गोठवलेले सापडले. आधीचे सगळे काढून मोकळे झाले होते. त्या रात्रीच शंका आली असती तर चाळीसही अडकले असते कदाचित.

जुलैत मैत्रिणीच्या ओळखीने एका मुलीशी बोलणं झालं, ती खरोखरच जाऊन आलेली. पहिल्या वर्षी तिला नाकारलं होतं. मुलाखतीत तिला विचारलं होतं, "नऊ वर्षांची मुलगी रात्री अंथरूण ओलं करते, सकाळी केबिनमधल्या बाकीच्या मुलींना कळतं. तुम्ही काय कराल?" तिने उत्तर दिलं, मग त्यावर आणखी प्रश्न, मग तुमच्या हातून मुलाला इजा झाल्याचा एखादा प्रसंग सांगा. पैसे किती मिळाले विचारलं तर हसली. नऊ हजार डॉलरचा आकडा ऐकून तर फारच हसली. तिला पूर्ण हंगामाचे त्याच्या पाव हिश्श्याहून कमी मिळाले होते.

फोन ठेवल्यावर मी तलावावर गेले, चारची बॅच होती. अंथरुणाच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. अशी एक मुलगी माझ्या बॅचमध्ये आहे, पाण्यात उतरायच्या आधी भीतीने पायरीवरच तिचं होतं. मी न बोलता बादलीभर पाणी माझ्या स्वतःच्या पायांवर ओतते, मग तिच्या, मग रांगेतल्या सगळ्यांच्या. हे मला त्या चौदा मिनिटांत कुणी विचारलं नाही.

गोठवलेले चौदा हजार परत मिळायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता, अर्ज केलाय. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला जातो. देव्हाऱ्यातली प्रिंट आईने काढली नव्हती. तपास अधिकाऱ्यांना मूळ प्रत हवी होती म्हणून मीच काढून दिली.