ड्रिलचा बॅटरी पॅक दुरुस्त करणारं ठाणे स्टेशनजवळचं दुकान

इथे कॉर्डलेस ड्रिलच्या पॅकमधले १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल) बदलून मिळतात, आणि काम खरोखर नीट होतं. १८ व्होल्टच्या साध्या पॅकमध्ये पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. एकच बसला असला तरी हे पाचही बदलतात, तेही एकाच बॅचचे. योग्यच आहे, जुने-नवे मिसळले की जुना सेल आधी रिकामा होतो आणि पॅक पुन्हा बंद पडतो. निकेल पट्टी स्पॉट वेल्डरने जोडतात. सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल आतून खराब होतो, म्हणून हे आधी विचाराच! जोडण्यापूर्वी सगळे सेल समान व्होल्टेजला आणतात.

खटकलं ते '९९०० एमएएच' छापलेले स्वस्त सेल. या आकारात तेवढी क्षमता शक्यच नाही. ड्रिलसाठी २० अँपिअर सतत देणारे हाय-डिस्चार्ज सेलच मागा.