निळं कापड, काळी जाळी: नदीकाठच्या त्सेत्से माशीवर टायनी टार्गेट

युगांडाच्या वायव्य कोपऱ्यात, आरुआ भागात, जनावरांची डॉक्टर म्हणून काम करताना त्सेत्से या रक्त पिणाऱ्या, निद्रारोग पसरवणाऱ्या माशीवरचे बरेच उपाय मी हाताळले. त्यांतला मनापासून शिफारस करावा असा एक म्हणजे टायनी टार्गेट. वस्तू अगदी साधी आहे. 25 सेंटिमीटर लांब-रुंद निळं कापड, त्याला जोडून तेवढीच काळी जाळी, आणि दोन्ही ताणून धरायला काठ्या. त्यात डेल्टामेथ्रीन मुरवलेलं असतं. गोचिडांसाठी आपण गोठ्यात वापरतो तेच हे औषध. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर ही रचना तयार केली.

निळा रंग माशीला लांबून खेचतो. जवळ आल्यावर ती कापडाभोवती घिरट्या घालते आणि जाळीवर आदळते. तेवढ्यात पायांना लागलेलं औषध तिला पुरतं. बाटली रिकामी करायची नाही, वासाचं आमिष भरायचं नाही. जुने शंकूच्या आकाराचे सापळे शिवायला आणि वाहून न्यायला किती त्रासाचे असतात, हे ज्यांनी ते नदीकाठच्या चिखलातून नेलेत त्यांना विचारा. टायनी टार्गेटचा गठ्ठा एक माणूस सायकलवरून नेतो.

एवढंसं कापड पुरतं कसं, हा प्रश्न इथे सगळेच विचारतात, कारण पूर्वीचे पडदे मीटरभर किंवा त्याहून मोठे असत. पण एन्याऊसारख्या नद्यांच्या काठची माशी, ग्लॉसिना फस्किपेस, माणसाचं आणि गुराचं रक्त पिते तशी घोरपडीचंही पिते. लहान आकाराकडेही ती झेपावते. मोठ्या कापडाचा खर्च तिच्यासाठी करायची गरज नाही.

खरी गंमत मात्र माशीच्या पोटात आहे. साधी घरमाशी एका वेळी शंभरभर अंडी घालते. त्सेत्सेची मादी अंडी घालतच नाही. तिच्या गर्भाशयात एका वेळी एकच अळी वाढते, आणि आई तिला आतल्या ग्रंथीतून दूध पाजते. हो, दूधच: प्रथिनं आणि चरबी असलेलं. दर नऊ-दहा दिवसांनी जवळपास आईच्याच वजनाची एक अळी जन्माला येते, लगेच मातीत शिरते, कोष करते आणि साधारण महिन्याने माशी होऊन बाहेर पडते. एका मादीची आयुष्यभराची पिल्लं आठ-दहा. रक्तातून न मिळणारी ब जीवनसत्त्वं तिला विगल्सवर्थिया नावाचे जिवाणू पुरवतात, आणि ते जिवाणू दुधातूनच पुढच्या पिढीला मिळतात. ते नसले तर मादी वांझ होते. 2014 साली ग्लॉसिना मॉर्सिटान्स या त्सेत्सेच्या दुसऱ्या एका जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला: डीएनएची सुमारे 36 कोटी 60 लाख अक्षरं, बारा हजारांहून थोडी जास्त जनुकं. त्यात या दुधाच्या प्रथिनांची जनुकंही नीट हाती लागली.

पशुवैद्यक म्हणून मला हे वाचताना भरून येतं. एका कीटकात गर्भारपण आणि दूध! आणि नेमकी हीच तिची दुबळी बाजू. रोज शंभरातल्या चार माद्या जादा मेल्या, तरी वस्ती घसरत जाते. डासांच्या बाबतीत असा हिशोब कुणी मांडूही शकणार नाही. म्हणून नदीच्या दर किलोमीटरला वीसेक टार्गेटं पुरतात. 2011 पासून या भागात झालेल्या चाचण्यांत माश्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. रुग्ण शोधून उपचार करण्याचं काम शेजारी चालूच होतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युगांडात गॅम्बियन्स प्रकारचा निद्रारोग सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेला नसल्याचं मान्य केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच देशात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, निद्रारोगाने अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली होती.

आता कटकटी. औषधाचा जोर सहा महिने धरायचा, मग बदली. कोरड्या हंगामाच्या तोंडाशी लावावीत, कारण पावसाळ्यात नदी फुगली की काठावरची वाहून जातात. गवत वाढलं की निळा रंग झाकला जातो आणि टार्गेट असून नसल्यासारखं होतं, त्यामुळे कोयता घेऊन फेरी हवीच. लावण्याआधी गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्या. ज्या गावाला कापड कशाला आहे ते समजलंय, तिथे काठ्या जागेवर राहतात. आणि एका शेतापुरतं लावून काही होत नाही. शेजारच्या ओढ्यातून माश्या परत येतात, तेव्हा अख्ख्या नदीचा पट्टा एकदम धरावा लागतो.

मोठी मर्यादा वेगळीच आहे. गवताळ रानातल्या जाती, म्हणजे मॉर्सिटान्स, पॅलिडिपेस वगैरे, सफारीच्या गाडीमागे लागतात त्या, या छोट्या कापडाला फारशा भुलत नाहीत. त्यांना मोठा पडदा आणि वासाचं आमिष लागतं. अभयारण्याच्या कडेला गुरं असतील तर यावर पैसे घालू नका. (फिरायला येणाऱ्यांनी गडद निळे आणि काळे कपडे घरीच ठेवावेत.)

गावाकडचे सहकारी विचारतात, सर्रा या जनावरांच्या रोगासाठी हे मागवू का? नको. मी ब्रह्मपुरीची, आमच्याकडचा सर्रा मला चांगला ठाऊक आहे. भारतात त्सेत्से नाही. सर्राचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, निद्रारोगाच्या परजीवीचाच भाऊबंद, पण तो गोमाश्यांच्या तोंडाला लागून पसरतो. त्सेत्सेच्या पोटात वाढायला लागणारा डीएनए त्याने गमावलेला आहे. सहसा तो माणसाला होतही नाही, कारण आपल्या रक्तातलं एपीओएल1 हे प्रथिन त्याला मारतं. 2004 च्या सुमारास आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो झाला. तपासात कळलं, त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. निद्रारोगाचा ऱ्होडेसियन्स प्रकार याच प्रथिनाला निकामी करून माणसात शिरतो, आणि त्याचा साठा गुरांत असतो. म्हणून युगांडात गुरांवर औषध लावणं हे माणसांचंही काम आहे.

तेव्हा माझा सल्ला असा: नदीकाठी टायनी टार्गेट, आणि गुरं असतील तिथे जोडीला महिन्यातून एकदा मोठ्या जनावरांच्या पायांवर आणि पोटावर डेल्टामेथ्रीनची फवारणी. माशी बहुतेक तिथेच बसते. अख्खं अंग भिजवायची गरज नाही, औषध खूपच कमी लागतं, आणि शेणातल्या किड्यांनाही कमी त्रास होतो.