सुझीज रेक, ग्रांदे बेट : एका हंगामातील सात सहलींचा अनुभव

नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत मी सात वेळा शुक्रवारी रात्री कोल्हापूरहून गाडी काढून गोव्याला गेलो. ग्रांदे बेटाजवळ बुडालेल्या जुन्या मालवाहू जहाजाचे अवशेष पाहण्यासाठी, म्हणजे स्कूबा डायव्हर (सिलिंडरमधील हवेवर पाण्याखाली पोहणारी) मंडळी ज्याला 'सुझीज रेक' म्हणतात तिथे उतरण्यासाठी, या सर्व फेऱ्या होत्या. एकदा वाऱ्यामुळे बोट निघालीच नाही. उरलेल्या सहा सहलींत मिळून बारा डाइव्ह झाल्या. त्यांपैकी पाच मनासारख्या, चार बऱ्या आणि तीन अशा की हात लांब केला तर बोटे दिसत होती, त्यापलीकडे हिरवा गढूळपणा. जाहिरातीतील निळेशार पाणी डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याची निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे.

मुळात हे जहाज जहाजासारखे दिसत नाही. शिडाच्या काठ्या, सुकाणूचे चाक, केबिनची दारे असे काही शोधू नये. वाकलेले पोलादी पत्रे, बरगड्यांसारख्या उभ्या राहिलेल्या तुळया आणि या पसाऱ्यात एकदम ओळखू येणारा बॉयलर, एवढेच उरले आहे. पहिल्या डाइव्हला मला ते भंगाराचे आवार वाटले होते. चौथ्या वेळी मात्र बॉयलर खूण म्हणून धरून, त्याच्यापासून पत्र्यांच्या रांगेने पुढे सरकत गेल्यावर सांगाड्याची लांबी आणि दिशा मनात उभी राहिली, आणि तेव्हापासून खरी गोडी लागली. पत्र्यांच्या सावलीत गोब्रा निवांत बसलेला असतो, तांबोशीचे थवे फिरतात आणि टॉर्च मारला तर कपारीत लायनफिश दिसतो; विषारी काटे असल्यामुळे त्याला लांबूनच पाहावे. एकाच जागी बारा वेळा जाऊन कंटाळा येत नाही का, असे घरी विचारतात. माझे उत्तर असे, की ही जागा कळायलाच चार डाइव्ह लागतात; एकदाच जाणाऱ्याने खरे तर काहीच पाहिलेले नसते.

पाणी स्वच्छ मिळेल की नाही, हा सगळ्या खर्चाचा कळीचा प्रश्न आहे. मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्यांची मुखे जवळ असल्याने गाळ कायमचाच. पहिल्या दोन सहली मी केवळ सुट्टी पाहून ठरवल्या आणि दोन्ही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ऐन उधाणात पडल्या. बोटीवरच्या एका वयस्क तांडेलाने मला भांगाच्या पाण्यात येण्यास सांगितले. अष्टमी-नवमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, ओढ मंदावते आणि तळाचा गाळ कमी ढवळला जातो. त्यानंतर मी तारखा पंचांग पाहून ठरवू लागलो. माझ्या पाचही चांगल्या डाइव्ह भांगाच्या आहेत, आणि त्यांतील जानेवारीतल्या एका सकाळी मला सात-आठ मीटरपर्यंत स्पष्ट दिसले. तेवढे दिसणे इथे मोठेच भाग्य.

पहिली सहल मी सर्वांत स्वस्त दर पाहून ठरवली होती. त्या व्यावसायिकाचे नाव घेत नाही. परंतु बोटीत गर्दी एवढी होती की साहित्य जोडायला जागा नव्हती, आणि मला दिलेल्या बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटाच्या, बटणातून हवा आपोआप भरत राहिल्याने मी दोनदा नको तेव्हा वर उचलला गेलो. तेव्हापासून मी बोटीवर चढताच बीसीडी फुगवून पाहतो, रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात पोहोचवणाऱ्या साधनातून, दहा-बारा श्वास घेतो आणि त्या वेळी दाबमापकाचा काटा हलत नाही ना, याकडे लक्ष ठेवतो. बोटीवर मोजकी माणसे नेणाऱ्यांकडे दोन डाइव्हचे मला साहित्यासह सात हजारांच्या आसपास पडतात. ते महाग नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रशिक्षकाने हात धरून नेण्याची जी एक दिवसाची सहल विकली जाते, तिच्यात या अवशेषांचा आनंद मिळत नाही. किमान ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिल्या पायरीचा, अभ्यासक्रम करून, शरीर पाण्यात अधांतरी स्थिर ठेवता येऊ लागल्यावरच इथे यावे. अन्यथा पायातल्या फिन्सच्या (पोहण्याच्या पंखांच्या) एका फटक्याने उडालेला गाळ मागच्या सर्वांची डाइव्ह घालवतो, आणि गंजलेल्या पत्र्यांच्या कडा धारदार असतात ते वेगळेच. खोली बारा-तेरा मीटर, म्हणजे ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत आहे. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुपटीहून थोडा अधिक असल्याने हवाही त्याच प्रमाणात लवकर संपते. नोव्हेंबरमध्ये मला २८ मिनिटांत वर यावे लागले होते. एप्रिलमध्ये तेवढ्याच सिलिंडरवर ४४ मिनिटे मिळाली. फरक केवळ न धडपडण्याचा.

आता घाटावरून येणाऱ्यांसाठी एक मुद्दा, जो मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळला नाही. एकाहून अधिक डाइव्ह केल्यावर विमानप्रवासाआधी किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. तो साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी दिलेला आहे, आणि आंबोलीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. म्हणजे दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी आंबोली चढणे हे शरीरात विरघळलेल्या, आणि उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे धरू शकणाऱ्या, नायट्रोजनच्या दृष्टीने विमानात बसण्याच्या जवळ जाते. त्यामुळे मी शनिवारी सकाळी दोन्ही डाइव्ह उरकतो, रविवारी पाण्यात उतरत नाही आणि दुपारचे जेवण झाल्यावर घाट चढतो. दोन दिवसांच्या सहलीत दोनच डाइव्ह हा हिशेब अनेकांना तोट्याचा वाटतो. कोकणपट्टीतून, समुद्रसपाटीच्या रस्त्याने येणाऱ्यांना तो लागू नाही.

रिकाम्या रविवारी दोना पावल्याकडे फिरताना तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामाची आठवण होते. संस्थेच्या संशोधकांनी गोव्याजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले, तर सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा १८६५चा शिक्का असलेली भाजक्या मातीची सामग्री सापडली. त्याच कारखान्यांची कौले आमच्या आजोळच्या घरावर होती. त्या दोन्ही रीफवर मला अद्याप कोणी नेलेले नाही, आणि संशोधनाच्या जागी सहली न जाणेच योग्य.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. पुढील हंगामासाठी मी अष्टमी-नवमीला येणारे शनिवार शोधले; ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत कामाचे असे तीनच निघाले, आणि त्यांपैकी दोन आगाऊ ठरवून टाकले आहेत.