पाच डॉलर की पाहिजे तितके?

अमेरिकेत राज्याच्या निवडणुकीत उमेदवाराला कोणी किती देणगी द्यावी, हे ते ते राज्य ठरवतं. दोन टोकं बघायची तर व्हर्जिनिया आणि मेन.

व्हर्जिनियात मर्यादाच नाही. माणूस असो की कंपनी, हवा तेवढा चेक फाडा. डोमिनियन एनर्जी ही वीजकंपनी दोन्ही पक्षांच्या आमदारांना देणग्या देत आली आहे, आणि विजेचे कायदे करणारे आमदारही तेच! बंधनं मोजकीच: १०० डॉलरच्या वर देणगीदाराचं नाव जाहीर करायचं, आणि नियमित अधिवेशन चालू असताना आमदारांनी निधी गोळा करायचा नाही.

मेनमध्ये १९९६ च्या सार्वमतातून एक ऐच्छिक योजना आली. कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवारानं मतदारसंघातल्या किमान ६० नोंदणीकृत मतदारांकडून पाच-पाच डॉलर आणायचे. राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे वरिष्ठ सभागृहासाठी, १७५ मतदार. म्हणजे दारं ठोठावणं आलंच. हे पैसेही उमेदवाराचे नाहीत, सरकारी निधीत जमा होतात. मग प्रचाराचा खर्च त्या निधीतून, आणि खासगी देणग्या बंद.

मला मेनचा रस्ता पटतो. पण भोक तिथेही आहे. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बाहेरच्या गटांच्या स्वतंत्र खर्चाला, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या प्रचारखर्चाला, वेसण घालता येत नाही.

तिकडे व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींनी मात्र खिशात हात घालू नये. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला कुठल्याही राज्यात एक डॉलरही देता येत नाही.