‘थेट सिस्टीम अ‍ॅनालिस्ट’ व्हायला गेलेले १,४२,८०० रुपये

माझ्या भाच्याला तीन महिन्यांत ‘थेट सिस्टीम अ‍ॅनालिस्ट’ करतो म्हणणाऱ्या एका इन्स्टिट्यूटने घेतलेले हे पैसे. आधी आकडे. रजिस्ट्रेशनचे २,५०० रोख. कोर्स फी ८५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १५,३००, म्हणजे १,००,३००. त्यातले १०,३०० यूपीआयने, उरलेले ९०,००० ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, महिना ५,००० प्रमाणे १८ हप्ते. वरून ‘एक्सपिरियन्स प्रोसेसिंग’चे, म्हणजे खोट्या अनुभवाच्या कागदांचे, ४०,०००, तेही रोख आणि विनापावती. एकूण १,४२,८००. संभाजीनगरातल्या त्या इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं, माझ्या भाच्याच्या नावावरचं कर्ज मात्र चालू आहे.

लोभापायी गेले, असं म्हणणारे नातेवाईक भेटतातच. लेकरू बीसीए आहे, मेहुणे जिल्हा परिषद शाळेत मास्तर. आमच्याकडच्या कॉलेजांत कॅम्पसला कंपनी येते ती बहुतेक वेळा फ्लेक्सवरच. अशा घरात कोणी व्यवस्थित ऑफिस थाटून, लेखी ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’ देऊन बोलला तर घरचे ऐकणारच. कोचिंगवाल्यांनी अशी हमीची जाहिरात करू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढून सांगितलंय. ती तत्त्वं पेपरात आली, तशी गेली.

मोफत सेमिनार, ‘शेवटच्या चार सीट’, भिंतीवर हार घातलेल्या पोरांचे फोटो, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. इथे डाव पदाच्या नावात होता. सिस्टीम अ‍ॅनालिस्ट हे फ्रेशरचं पद नाही. धंद्याची गरज ऐकून घ्यायची, आत्ताचं काम कसं चालतं ते कागदावर मांडायचं, नव्या सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं ते एसआरएसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजांच्या दस्तऐवजात, लिहायचं, डेव्हलपरला समजावायचं आणि शेवटी वापरणाऱ्यांकडून चाचणी करून घ्यायची, असं ते काम. दोन-चार वर्षं कोडिंग, टेस्टिंग किंवा सपोर्ट केलेल्यालाच कंपन्या ते देतात. म्हणूनच हे लोक ‘थेट’ हा शब्द विकतात, आणि थेट जायचं तर अनुभव लागतो म्हणून तोही विकतात. तीन महिन्यांत शिकवलं काय? लायब्ररी मॅनेजमेंटचा तयार एसआरएस सगळ्या बॅचला वाटला आणि पहिल्या पानावरचं नाव बदलायला लावलं. एकाही पोराने एकाही माणसाला ‘तुमचं काम कसं चालतं’ हे विचारलं नाही. ज्या कोर्समध्ये हे होत नाही तो अ‍ॅनालिस्टचा कोर्सच नाही.

आता ती सॅलरी स्लिप. दोन वर्षांच्या अनुभवपत्रासोबत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशा तीन स्लिपा दिल्या होत्या. तिन्हींत प्रोफेशनल टॅक्स २००. महाराष्ट्रात हा कर वर्षाला २,५०० असतो. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. मेहुण्यांच्या स्वतःच्या पगारातून दर फेब्रुवारीला ३०० कापले जातात, आणि ती स्लिप त्यांनी चष्मा लावून वाचली होती. खाली पीएफ कपात १,८००, आणि यूएएनचा (पीएफ खातेदाराच्या कायमच्या नंबरचा) रकाना कोरा! पीएफ कापला तर यूएएन हवाच. लेटरहेडवर कंपनीचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांकही होता. त्यात नववं ते बारावं अक्षर म्हणजे नोंदणीचं वर्ष. तिथे २०२३ छापलेलं आणि अनुभव २०२१ पासूनचा. कंपनी जन्मायच्या आधी पोरगा तिच्यात नोकरीला! हे आठवलं की आजही डोकं फिरतं. पण सीआयएन वाचायला आम्हाला कोणत्या शाळेत शिकवलं होतं?

या कागदांवर पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर आली, पण तिच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे कागदांच्या पडताळणीत, हे टिकणार नव्हतंच. तपासणारे यूएएनवरची सर्व्हिस हिस्ट्री मागतात, टीडीएससाठी फॉर्म २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा उतारा, मागतात. दोन्हीकडे शून्य. ऑफर रद्द झाली आणि त्या कंपनीकडे पोराच्या नावापुढे खोट्या कागदांची नोंद राहिली ती वेगळीच. कृपा करून अनुभव विकत घेऊ नका. विकणाऱ्याचा फायदा इथेच आहे: तक्रार करायला गेलात की तो म्हणतो, कागद तुमच्या पोरानेच वापरला. खोटा दस्तऐवज वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे बॅचमधली निम्मी घरं तोंड उघडत नाहीत.

कर्जाचं गणितही समजून घ्या. ‘फीचे हप्ते’ म्हणून ओटीपी घेतला गेला. प्रत्यक्षात फायनान्स कंपनीने पोराच्या नावावर कर्ज काढून रक्कम परस्पर इन्स्टिट्यूटला दिली आणि हप्ता कापायचा मॅन्डेट बँकेत बसवला. क्लास बंद पडला तरी हप्ता थांबत नाही. थांबवलात तर सिबिल खराब. ओटीपी सांगण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचा कागद, मागा, कर्ज कोण देतंय ते बघा आणि कूलिंग ऑफची मुदत किती ते वाचा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

आता साहेब लोकांचं ऐका. आमच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. नंतर म्हणाले, व्यवहार संभाजीनगरला झाला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तिकडेच द्या. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितलं तर ‘वकील आहात का?’ सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, ऐकवलं की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. कौशल्य विकासच्या कार्यालयात तर कमाल झाली: संस्थेची आमच्याकडे नोंदणीच नाही, म्हणून ती आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे नोंदणी न करता दुकान काढलं की विचारणारा कोणी नाही! भिंतीवर सरकारी योजनांचे लोगो होते, त्याचं काय, याला उत्तर नाही. फायनान्स कंपनीचं एकच: तुमचा वाद इन्स्टिट्यूटशी आहे, हप्ता भरा.

१८ टक्के जीएसटी घेतला आणि पावतीवर जीएसटी नंबर नाही, तर ती पावती नव्हे. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, जीएसटी पोर्टलवर कोणीही तपासू शकतं. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी माणसाचं नाव आलं तर फोन खिशात ठेवा.

पोरांनो, खरी वाट लांब आहे, पण पुष्कळ स्वस्त आहे. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं करा, एक प्रोग्रॅमिंगची भाषा धरा, सपोर्ट किंवा टेस्टिंगला लागा. २०२० पासून एमसीए दोन वर्षांचं आहे, सीईटी देऊन करता येतं. संभाजीनगरच्या विद्यापीठ आवारात नाइलिट या केंद्र सरकारच्या संगणक प्रशिक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा. बिझनेस अ‍ॅनालिसिसची ईसीबीए ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा अनुभवाशिवाय देता येते. त्याच विषयातल्या वरच्या पातळीच्या सीबीएपीला मात्र ७,५०० तासांचा अनुभव लागतो, तेव्हा तिची ‘गॅरंटी’ देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि सराव फुकट आहे: साखर कारखान्याच्या काट्यावर एक दिवस उभं राहा. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजावट, पावती, शेतकऱ्याचं खातं. कोण कुठे काय नोंदवतो, वीज गेली तर काय करतात, गाडीचा नंबर चुकला तर कोण दुरुस्त करतो, हे विचारा आणि त्याचा डेटा फ्लो डायग्रॅम, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते याची आकृती, काढा. मुलाखतीत लायब्ररीपेक्षा हेच विचारलं जाईल.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांच्यासाठी: ठाण्याने नकार दिला तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. फायनान्स कंपनीला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फोन १४४४८. ग्राहक आयोगात आता स्वतःच्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. एकाच बॅचच्या अनेक घरांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. आमची तशी तयारी चालू आहे. ज्यांच्याकडे जीएसटी नंबर नसलेली ती पावती आणि १८ हप्त्यांचं वेळापत्रक आहे, त्यांनी दोन्हीच्या प्रती काढून ठेवा.