लेबल छापणारी लायब्ररी, आठ महिन्यांनंतर: कारण ठाऊक असूनही न सांगणाऱ्या कोडविषयी

देवगड परिसरातील काही हापूस बागायतदारांसाठी मी पेट्यांची नोंद ठेवणारा आणि पेटीवर चिकटवायचे लेबल छापणारा एक लहान प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला आहे. थर्मल प्रिंटरशी (उष्णतेने कागदावर छापणाऱ्या प्रिंटरशी) बोलण्याचे काम मी एका मुक्त स्रोत लायब्ररीवर, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणाऱ्या तयार कोडवर, सोपवले. डिसेंबरपासून, म्हणजे झाडांना मोहोर आल्यापासून ते आता जुलैत आमरसाचे डबे भरून संपेपर्यंत, ती रोजच्या वापरात आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण ती एकच व्यक्ती विनामोबदला सांभाळते आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तिने दुरुस्त केल्या आहेत. छपाईची गती, क्यूआर कोड, रोलची रुंदी याबाबत मला काहीच तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते एकाच गोष्टीविषयी: काम बिघडते तेव्हा ही लायब्ररी तिच्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्याला काय सांगते.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, पुण्याला जाणारी गाडी भरायला तासभर उरला असताना, एका बागायतदार काकांचा फोन आला. "अरे, तुझो प्रिंटर रुसलो रे. धा लेबला इली, नि अकरावा अर्ध्यारच थांबला." मी नोंदी पाहिल्या. लायब्ररीच्या छपाईच्या फंक्शनने (ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याने) 'फॉल्स', म्हणजे 'नाही', एवढेच उत्तर दिले होते. त्या उत्तरावर तीन वेळा पुन्हा प्रयत्न करण्याची सोय मीच करून ठेवली होती, त्यामुळे एका पेटीची चार अर्धवट लेबले बाहेर पडली होती. दस्तऐवजात 'फॉल्स'चा अर्थ 'छपाई झाली नाही' एवढाच दिला होता. पेट्यांवरची उरलेली नावे त्या दिवशी मार्कर पेनने हाताने लिहावी लागली.

छपाई अर्ध्यावर थांबते म्हणजे जोडणीत दोष असणार असे मी धरले. दुसऱ्या दिवशी कणकवलीला जाऊन नवी केबल आणली, तरीही तेच झाले. मग ३,८०० रुपये देऊन नवा प्रिंटर घेतला, आणि त्यानेही नेमक्या त्याच पेटीपाशी, त्याच ओळीवर कागद थांबवला. केबलचे पैसे, प्रिंटरचे पैसे, पेट्रोल आणि ऐन हंगामातले दोन दिवस हा सारा खर्च मी ज्या बिघाडावर केला, तो बिघाड कधी नव्हताच. या लेखात कोठे चीड जाणवली तर तिचे मूळ या हिशेबात आहे.

शेवटी मी लायब्ररीचा मूळ कोड उघडला. प्रत्यक्ष छपाईच्या ओळींभोवती 'ट्राय' (करून पाहा) होते, त्याखाली कोणतेही एक्सेप्शन, म्हणजे काम बिघडल्यावर पायथन देते ती चुकीची सूचना, पकडणारे 'एक्सेप्ट' होते आणि त्यात 'फॉल्स' परत करणारी एकच ओळ होती. माझ्या संगणकावर ती झाकणारी ओळ काढून टाकली आणि तेच लेबल पुन्हा पाठवले. या वेळी पूर्ण ट्रेसबॅक (चूक कोठून कोठे आली याचा माग) आला आणि त्याच्या तळाशी 'युनिकोडएन्कोडएरर', म्हणजे अक्षर प्रिंटरच्या संकेतांत बदलता न आल्याची चूक, होता. त्या ग्राहकाने ऑर्डर नोंदवताना आपले नाव देवनागरीत लिहिले होते. त्याआधीची सगळी नावे इंग्रजी अक्षरांत होती. स्वस्त थर्मल प्रिंटरला युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती) समजत नाही, त्याला एखाद्या कोड पेजमधली, म्हणजे ठरावीक चिन्हांच्या छोट्या तक्त्यातली, अक्षरे लागतात, आणि आमचा प्रिंटर १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या ४३७ क्रमांकाच्या कोड पेजवर चालत होता. त्यात २५६ चिन्हे असतात व देवनागरीचे एकही नसते. उपाय सरळ होता: देवनागरी ओळ आधी चित्र म्हणून रेखाटायची आणि ते चित्र प्रिंटरला द्यायचे. (रेखाटताना हार्फबझसारखी शेपिंगची (अक्षरे व मात्रा योग्य जागी मांडण्याची) व्यवस्था जोडावी लागते, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते.) हे काम दीड तासात झाले.

माझा मुख्य आक्षेप मी येथेच नोंदवतो. पायथनच्या या एक्सेप्शनमध्ये पाच गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात: एन्कोडिंगचे (संकेतपद्धतीचे) नाव, मूळ मजकूर, न बसणारा भाग कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि का बसत नाही. म्हणजे मला दोन दिवस शोधूनही न सापडलेले उत्तर त्या क्षणी लायब्ररीच्या हातात तयार होते, आणि तिने ते टाकून देऊन मला 'फॉल्स' दिले. कारण ठाऊक नसणे मी समजू शकतो. प्रिंटर कधी कधी खरोखरच काही सांगत नाही. ठाऊक असलेले कारण पुढे न देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि एखाद्या लायब्ररीत मला ती आढळली तर बाकीच्या सोयी कितीही चांगल्या असल्या तरी मी तिला पाचपैकी दोनच तारे देतो. त्यात 'फॉल्स' हे उत्तर कोणी तपासले नाही तरी पायथनमध्ये काही कळत नाही. रस्ट या दुसऱ्या भाषेत 'रिझल्ट' (यश किंवा चूक सांगणारे उत्तर) परत आला आणि तो वापरलाच नाही, तर कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) निदान इशारा देतो.

मी लायब्ररी सांभाळणाऱ्या व्यक्तीला सविस्तर कळवले आणि तीन मागण्या केल्या: एक्सेप्शन द्यावे, ते लायब्ररीनेच लॉगमध्ये (प्रोग्रामच्या घडामोडींच्या नोंदीत) लिहावे, आणि संदेश बागेत काम करणाऱ्या माणसालाही कळेल इतका सोपा असावा. मेच्या मध्यावर नवी आवृत्ती आली. पहिल्या मागणीबाबत माझे मत आजही तेच आहे. उरलेल्या दोन मागण्या चुकीच्या होत्या, हे मला नंतर वापरातून कळले.

लॉगची मागणी आधी घेतो. लायब्ररीने लॉगची फाइल स्वतः उघडली, तीच चूक माझ्या प्रोग्रामनेही नोंदवली, आणि रोल संपलेला असताना चालू राहिलेल्या प्रयत्नांनी एका रात्रीत दोन्ही फाइली भरून टाकल्या. त्याहून गंभीर म्हणजे, संदेशात पूर्ण लेबल उतरवले जात असल्याने ग्राहकांचे मोबाइल क्रमांक आणि पत्ते साध्या फाइलीत साठू लागले. पायथनच्या दस्तऐवजात याविषयी स्पष्ट सल्ला आहे: लायब्ररीने आपल्या लॉगरला (नोंद करणाऱ्या भागाला) 'नलहँडलर'शिवाय, म्हणजे काहीच न करणाऱ्या हँडलरशिवाय, नोंद कोठेतरी पोचवणारा दुसरा हँडलर जोडू नये, कारण नोंद कोठे आणि किती ठेवायची हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. हा सल्ला मी पूर्वी वाचला होता, पण त्याचे कारण मला त्या रात्रीनंतर पटले.

सोप्या संदेशाचेही तसेच. प्रिंटरपाशी उभ्या असलेल्या माणसाला 'पेटीवरचे नाव छापता येत नाही, हाताने लिहा' असे मराठीत सांगणे हे माझ्या प्रोग्रामचे काम आहे, कारण पेटी, नाव आणि हात या गोष्टी फक्त त्यालाच ठाऊक आहेत. लायब्ररीचा संदेश माझ्यासाठी असतो. त्यात कोणती किंमत (व्हॅल्यू) आली, कोणती अपेक्षित होती आणि काम कोठवर झाले होते हे असावे, मग तो कितीही रुक्ष वाटला तरी चालेल.

मेच्या आवृत्तीने मला एक आनंदही दिला. पायथन ३मध्ये एक एक्सेप्शन हाताळताना दुसरे दिले तर पहिले आपोआप त्याला जोडलेले राहते, आणि 'फ्रॉम' वापरून ते कारण म्हणून उघडपणे जोडता येते. लायब्ररीने हे 'फ्रॉम' वापरले होते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या चुकीखाली मूळ चूक जशीच्या तशी दिसत होती. तेव्हा मी दोनाचे तीन तारे केले.

मात्र सगळ्या चुकांसाठी एकच क्लास (कोडमधला प्रकार) होता आणि फरक फक्त संदेशाच्या मजकुरात होता. रोल संपला तर नवा घालून पुन्हा छापणे योग्य असते, पण अक्षर कोड पेजमध्ये नसेल तर शंभर वेळा छापूनही उपयोग नसतो. हा भेद करायला मला मजकुरातले शब्द शोधावे लागले. जूनमध्ये एका किरकोळ आवृत्तीत कोणीतरी त्या संदेशाचे इंग्रजी सुधारले, आणि माझ्या प्रोग्रामला 'कागद संपला' हे ओळखता येईनासे झाले. संदेश सुधारणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण मजकूर बदलण्याची मोकळीक असायलाच हवी. म्हणूनच प्रोग्रामने ज्यावर विसंबायचे तो क्लास किंवा क्रमांक वेगळा आणि स्थिर ठेवावा लागतो. त्याच संगणकावर मी नोंदींसाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतो. तेथे दुसरी प्रक्रिया लिहीत असल्याने डेटाबेस अडला असेल तर ५ हा क्रमांक येतो, शब्दांतला संदेश त्याहून वेगळा मागता येतो, आणि पायथन ३.११पासून चुकीचे सांकेतिक नावही एक्सेप्शनवरच मिळते. त्यामुळे किती थांबून पुन्हा लिहायचे हे ठरवताना मला कधी शब्द शोधावे लागलेले नाहीत.

जुलैच्या आवृत्तीत एका सामाईक मूळ क्लासाखाली कागद, जोडणी आणि अक्षरे यांसाठी वेगवेगळे क्लास आले, लॉगची फाइल गेली आणि संदेशातून ग्राहकाचा मजकूर काढला गेला. मला सर्वांत मोलाचा वाटलेला बदल त्या यादीत तळाशी, एका ओळीत नोंदवला आहे: आता संपूर्ण लेबल आधी एन्कोड करून (प्रिंटरच्या संकेतांत बदलून) पाहिले जाते आणि त्यानंतरच पहिला बाइट प्रिंटरकडे जातो. म्हणजे चूक व्हायचीच असेल तर ती कागद हलण्यापूर्वी होते आणि अर्धवट लेबल बाहेर पडत नाही. मी तेच एप्रिलमधले नाव आमरसाच्या डब्यासाठी मुद्दाम चित्र न करता पाठवून पाहिले. लगेच चूक आली, कारणासह आली, आणि रोल तसूभरही पुढे सरकला नाही.

आज मी साडेतीन तारे देतो. उरलेला दीड तारा प्रिंटरची स्थिती विचारण्याच्या फंक्शनसाठी राखून ठेवला आहे. प्रिंटर ही विचारणा समजूच शकत नसेल तरी ते 'नन' (काहीच नाही) देते आणि केबल निघालेली असली तरी 'नन'च देते. पावसात आमच्याकडे दिवसातून अनेकदा वीज जाते, आणि ती परत आल्यावर प्रिंटर गप्प का आहे हे मला अजूनही बागेत फोन करून विचारावे लागते. ही तक्रारही कळवली आहे, आणि या वेळी लॉगविषयी काहीही मागितलेले नाही.